ठाणे सोडणे आणि चाकरी सोडणे

लष्करी चाकरी परवानगीवाचून सोडणे हा सर्व देशांत आणि सर्व काळांत गुन्हा मानला गेला आहे. परंतु त्या गुन्ह्याचे प्रकार निरनिराळे आहेत आणि त्यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या १९५० च्या सेना अधिनियमात हा भेद स्पष्ट केलेला आढळतो. रजेवाचून गैरहजर राहणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. फौज सोडून पळणाऱ्यास, तो प्रत्यक्ष मोहिमेवर असेल तर, देहान्तापर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या हवाली असलेला किल्ला वा ठाणे लाजिरवाण्या रीतीने सोडून देणाऱ्यासही तीच कमाल शिक्षा आहे. या तिन्ही प्रकारांचा विचार करावयाचा तर मराठ्यांच्या सुरतेवरील दोन स्वाऱ्या आणि त्यांच्या मधली सहा वर्षे यांच्याइतका बोधप्रद कालखंड क्वचितच सापडेल.

प्रथम सुरतेचा हाकीम इनायतखान याचा विचार करू. ५ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची वार्ता सुरतेत पोहोचली. हाकिमाने व तीन बड्या सावकारांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, असा महाराजांचा निरोप होता. वीरजी व्होरा, हाजी सय्यद बेग व हाजी कासीम हे ते सावकार होत. त्या वेळी शहराभोवती धड तटबंदी नव्हती. ५०० शिपायांचा पगार सरकारातून उचलावयाचा आणि शिपाई मात्र ठेवावयाचे नाहीत, असा खानाचा खाक्या होता. निरोप मिळताच तो तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. त्याने चाकरी सोडली नाही. हुद्दा, शिक्का व पगार हे सर्व त्याच्याजवळच राहिले. त्याने सोडले ते शहर.

पुढे ६ तारखेपासून १० तारखेपर्यंत जे झाले ते सर्वश्रुत आहे. वीरजी व्होऱ्याचा वाडा जळाला आणि शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. किल्ल्यातून तोफा डागल्या गेल्या, पण त्यांनी मराठ्यांपेक्षा शहराचेच अधिक नुकसान केले. तहाचे बोलणे करण्याच्या मिषाने खानाने एक मारेकरी महाराजांवर घातला. त्याचा हात जागच्या जागी तोडला गेला आणि त्या कृत्याचे प्रायश्चित्त बंदिवानांना आपल्या शिरांनी व हातांनी भोगावे लागले. याच वेळी जॉर्ज ऑक्झेंडेन या इंग्रज वखारवाल्याने मूठभर माणसांनिशी आपली वखार राखली, तशी डचांनीही राखली. म्हणजे प्रतिकार अशक्य होता असे म्हणता येत नाही.

१७ जानेवारीला मोगली कुमक आली तेव्हा खान किल्ल्याबाहेर पडला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याच्यावर चिखल फेकला. त्या रागात त्याच्या मुलाने एका गरीब हिंदू व्यापाऱ्यास गोळी घातली. पातशहाने व्यापाऱ्यांस एक वर्षाची जकात माफ केली, इंग्रज व डच यांना जकातीत कायमची सूट दिली आणि शहराला विटांचा तट बांधण्याची आज्ञा केली. पण ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा आले तेव्हा या नव्या तटावरील लोकही थोडी झटापट करून त्याच किल्ल्यात शिरले. तट नवा झाला होता. संकट आले की किल्ला गाठावयाचा हा शिरस्ता मात्र जुनाच राहिला होता. एका अधिकाऱ्याच्या ठाणे सोडण्याचा हा परिणाम त्याच्या स्वतःच्या मानहानीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळी स्वराज्याचा सरनौबत नेताजी पालकर होता आणि दुसरीच्या वेळी प्रतापराव गुजर. ही अदलाबदल कशी झाली ते पाहण्याजोगे आहे. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये महाराज मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापुरावरील मोहिमेत सामील झाले. जानेवारी १६६६ मध्ये त्यांनी पन्हाळ्यावर रात्री छापा घातला. नेताजी कुमक घेऊन वेळेवर पोहोचला नाही. छापा फसला आणि सुमारे १,००० माणसे कामास आली वा जखमी झाली. महाराजांनी नेताजीची सरनौबती काढून ती कडतोजी गुजरास दिली, असे सभासद सांगतो. हाच पुढे प्रतापराव झाला. नेताजी विजापूरकरांस जाऊन मिळाला.

ज्याला लोक प्रतिशिवाजी म्हणत, त्या सेनापतीचा हा प्रारंभ केवळ उशिराने झाला, हे ध्यानात घ्यावे. उशीर, मग बेबनाव, मग चाकरीचा त्याग, अशा पायऱ्यांनी तो खाली उतरला. विजापूरने त्याला ४ लाख होन दिले. दोन महिने झाले नाहीत तोच मिर्झाराजांनी ५ हजारांची मनसब, जहागीर व ३८,००० रुपये रोख देऊन त्याला मोगलांकडे ओढले. त्याचे मोल वाढत होते, पण विश्वास घटत होता. महाराज ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटताच पातशहाने प्रथम नेताजीस कैद केले. एकदा धनी सोडलेला मनुष्य पुन्हा धनी सोडील, हा पातशहाचा हिशेब होता. १६६७ मध्ये दिल्लीस त्याचे धर्मांतर झाले, महंमद कुलीखान हे नाव मिळाले आणि त्याची रवानगी काबूलच्या सरहद्दीवर झाली. प्रतापरावाच्या हाताखालचे मराठे सुरतेच्या वेशीत दुसऱ्यांदा शिरले तेव्हा त्यांचा जुना सरनौबत अफगाणी डोंगरांत पातशाही चाकरी करीत होता.

१६७६ मध्ये मोगली फौजेबरोबर दक्षिणेत आल्यावर तो पळाला आणि महाराजांकडे परतला. जून महिन्यात त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्यात आले. सरनौबती त्या वेळी हंबीरराव मोहित्यांकडे होती आणि ती त्यांच्याकडेच राहिली. महाराजांनी मनुष्य परत घेतला, हुद्दा परत दिला नाही. या निवाड्यात क्षमा आहे आणि शिस्तही आहे.

येथे एक शंका उद्भवते. १६७६ मधील नेताजीचे पलायन हेही परवानगीवाचून चाकरी सोडणेच होते. मग आपण त्याचे कौतुक का करतो? केवळ आपल्या पक्षाकडे आला म्हणून, हे उत्तर शिक्षकाला शोभणारे नाही. आमच्या मते कसोटी निराळी आहे. कोणी गेला, यापेक्षा त्याच्या जाण्याने उघड्यावर कोण पडले, हे पाहावे. पन्हाळ्याच्या चढणीवर कुमकेची वाट पाहणारी माणसे उघड्यावर पडली. इनायतखानाच्या मागे तर आख्खे शहर उघडे पडले. मोगली छावणीतून नेताजी निघून गेला तेव्हा त्याच्या भरवशावर मरणाच्या दारात उभा असा कोणी नव्हता. ती चाकरीही त्याने कैदेतून पत्करलेली होती.

ही कसोटी लावली म्हणजे या दोघांत अधिक दोषी कोण, याचाही उलगडा होतो. इनायतखान एक दिवसही गैरहजर नव्हता. हजेरीपटावर त्याचे नाव कायम होते. तरीही नेताजीपेक्षा त्याचा अपराध आम्हांस थोर वाटतो. ऑक्झेंडेन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. त्याची भव्य कबर कतारगाम वेशीजवळच्या इंग्रजी दफनभूमीत आजही दाखवतात, आणि खान ज्यात लपला तो किल्लाही तापीकाठी उभा आहे. सुरतेच्या या दोन स्वाऱ्या आपण वर्गात शिकवतो तेव्हा लुटीचे आकडे मुलांकडून पाठ करून घेतो. त्यांच्या जोडीला ५०० शिपायांचा पगार व पन्हाळ्यावरील १,००० माणसे हेही आकडे मुलांसमोर ठेवावेत, अशी आमची अध्यापकबंधूंस विनंती आहे.