गाल : दाता आणि याचक

आजारी माणसाला भेटून आल्यावर आपण घरीं प्रथम काय सांगतों? "गालफडें अगदीं बसलीं हो!" ताप किती आहे, औषध कोणाचें चालू आहे, हें सारें मागाहून. वैद्यानें नाडी हातांत घेण्यापूर्वींच आपल्या बोलण्यानें गालावरून निदान करून टाकलेलें असतें. हे बसलेले गाल वर उचलण्याची व त्यांत भर घालण्याची जी शस्त्रक्रिया हल्लीं मोठ्या शहरांतून होते, तिला पुष्कळ लोक धनिकांचा एक नवा नाद समजतात. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु या विद्येचा इतिहास नादापासून सुरू होत नाहीं. तो शिक्षा, युद्ध आणि रोग यांपासून सुरू होतो. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

या इतिहासांत गाल प्रथम येतो तो दाता म्हणून. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळाव्या अध्यायांत तुटलेली कानाची पाळी व कापलेलें नाक पुन्हां कसें घडवावें, याचा विधि दिला आहे. नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें, त्या मापानें गालाचें मांस सोडवावें, पण एका बाजूनें तें गालाला जोडलेलें राहूं द्यावें आणि मग नाकाच्या जागीं बसवावें. श्वासासाठीं आंत दोन नळ्या ठेवाव्या, वर रक्तचंदन, ज्येष्ठमध व रसांजन यांचें चूर्ण टाकावें, कापसानें झांकून तिळाचें तेल शिंपडावें. यांतील सर्व मर्म 'एका बाजूनें जोडलेलें' या शब्दांत आहे. मांसाचा मोठा तुकडा पुरता तोडला कीं त्याचें रक्त तुटतें आणि तो मरतो. नव्या जागीं रक्तवाहिन्या जुळेपर्यंत जुन्या घरचें पोषण चालू ठेवावें लागतें. मुलगी सासरीं रुळेपर्यंत माहेरचें येणेंजाणें राखावें, तसेंच हें.

हें ज्ञान पोथीपुरतें राहिलें नव्हतें, याची साक्ष खुद्द पुण्यानें दिली आहे. १७९२ च्या युद्धांत इंग्रज फौजेचा कावसजी नांवाचा गाडीवान टिपू सुलतानाच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून वावरला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. या वेळीं दाता गाल नव्हता, कपाळ होतें. मेणाच्या नमुन्यावरून कपाळावर आंखणी करून कातडें भिवयांच्या मध्यें जोडलेलें ठेवून खालीं वळविलें होतें. तत्त्व तेंच. हा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत १७९४ च्या ऑक्टोबरांत चित्रासह प्रसिद्ध झाला, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें त्याच रीतीनें नाक केलें. कावसजीचें नांव अशा रीतीनें युरोपांत पोंचलें; ज्यानें नाक दिलें त्या कारागिराचें नांव मात्र त्या वृत्तान्तांत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाल याचक झाला. जर्मनींतील कील येथील डॉक्टर गुस्ताव्ह न्यूबर यानें १८९३ सालीं एका रुग्णाच्या दंडांतील चरबी काढून डोळ्याखालचा खड्डा भरला. हाडाच्या क्षयानें तेथील त्वचा आंत ओढली गेली होती. चरबीचे तुकडे लहान असले तरच टिकतात, हें त्याला दिसून आलें. कारण उघड आहे : लहान तुकड्याला भोंवतालच्या रक्तावर तग धरतां येतो, मोठ्याला येत नाहीं.

परंतु दंडाला जखम करून थोडी थोडी चरबी काढण्यापेक्षां बाटलींतला पदार्थ सुईनें घालणें कोणालाहि सोपें वाटणारच. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यानें १८९९ सालीं शरीरांत व्हॅसलिन टोंचण्याचा प्रयोग केला. त्यापाठोपाठ पॅराफिन, म्हणजे आपल्या मेणबत्तीचें मेण, पातळ करून नाकांत, गालांत, सुरकुत्यांत भरण्याची लाट आली. पहिले कांहीं महिने गाल सुरेख दिसे. मग मेण जागा सोडून सरके, त्याभोंवतीं कठीण गांठी धरत, त्वचा लाल होऊन फुटे. पुढें मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या रूपवतीनें नाकांत घातलेलें मेण ओघळून हनुवटीपर्यंत उतरलें. घातलेलें मेण काढावयाचें तर त्याबरोबर चांगलें मांसहि कापावें लागे. शरीर परक्याला सहजासहजीं आपलें म्हणत नाहीं, हा धडा त्या पिढीनें फार महाग विकत घेतला.

पहिल्या महायुद्धानें या विद्येला पुन्हां तिच्या मूळच्या कामावर आणलें. खंदकांतून डोकें वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे व गाल तोफगोळ्यांच्या तुकड्यांनीं उडून जात. मूळचा न्यूझीलंडचा असलेला हॅरल्ड गिलीज यानें १९१७ सालीं इंग्लंडांत सिडकप येथें अशा जखमींच्या रुग्णालयांत काम सुरू केलें. तेथें पांच हजारांवर सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. अर्धवट सोडविलेल्या कातड्याच्या कडा आपोआप आंत वळतात, हें पाहून त्यानें त्या शिवून नळी केली. त्यामुळें छातीचें कातडें जिवंत ठेवून चेहऱ्यापर्यंत नेतां येऊं लागलें. माहेर न तोडण्याचें सुश्रुताचें तत्त्वच येथें पुन्हां भेटतें. त्या रुग्णालयांत आरशांना बंदी होती. गांवच्या रस्त्यावर कांहीं बाक निळे रंगविले होते. त्यांवर बसलेल्याचा चेहरा पाहून दचकूं नये, ही लोकांना सूचना. जखम शत्रूनें केली. पण बाक रंगवावे लागले ते स्वकीयांच्या नजरेसाठीं.

नजरेचा जाच सैनिकालाच होतो असें नाहीं. पॅरिसची डॉक्टर सुझान नोएल हिनें १९२६ सालीं या शस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्यावर पुस्तक लिहिलें. वय दिसूं लागलें म्हणून नोकरी जाण्याची धास्ती असलेल्या स्त्रिया तिच्याकडे येत. त्यांचे गाल ती वर ओढून देई, तें पोटाच्या प्रश्नासाठीं. याला नाद म्हणणें मला तरी कठीण वाटतें.

पुढील प्रगति थोडक्यांत सांगतां येईल. वय वाढतें तशी गालांतील चरबी आटते, आधाराचें हाड झिजतें व मांस खालीं उतरतें. म्हणून नुसती त्वचा ओढली तर चेहरा ताणलेला पण रिकामा दिसतो. मेक्सिकोच्या गोन्झालेझ-उल्लोआ यानें १९७४ सालीं आणि माद्रिदच्या हिंडरर यानें १९७५ सालीं गालाच्या हाडावर कृत्रिम उंचवटा बसविण्याच्या पद्धति प्रसिद्ध केल्या. १९७६ सालीं दोन फ्रेंच डॉक्टरांनीं त्वचेखालच्या पडद्याचें वर्णन केलें, आणि त्वचेऐवजीं तो पडदा उचलणें शक्य झालें. गुरांच्या डोळ्यांतून १९३४ सालीं शोधलेलें हायल्युरॉनिक आम्ल २००३ सालीं अमेरिकेंत सुरकुत्या भरण्यास संमत झालें. तें पुन्हां विरघळवितां येतें, हा त्याचा मेणाहून मोठा गुण. तरीहि सुई रक्तवाहिनींत शिरली तर दृष्टि जाऊं शकते. म्हणून सुई कोणाच्या हातांत आहे, हें आधीं पाहावें.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. एड्सवरील स्टॅव्ह्यूडीन हें औषध भारतांतील सरकारी योजनेंतहि कांहीं वर्षें दिलें जात असे. त्यानें जीव वांचे, पण अनेकांच्या गालांतील चरबी नाहींशी होई. खोल गेलेल्या गालांवरून शेजारीपाजारी रोग ताडीत आणि भाड्याची खोली, नोकरी, सोयरीक यांवर गदा येई. २००४ सालीं अमेरिकेनें असे गाल भरण्यासाठीं एक पदार्थ संमत केला. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें स्टॅव्ह्यूडीनचा वापर हळूहळू थांबविण्यास सांगितलें. ज्या रुग्णाला गाल भरून हवे होते, त्याला रूप नको होतें. चारचौघांत ओळखूं न येण्याएवढी मोकळीक हवी होती.

तेव्हां कोणी गाल भरून घेतले असें ऐकूं आलें, तर हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्यांतील कांहीं नादिष्ट असतील, त्यांचे पैसे व त्यांचा धोका त्यांच्यापाशीं. पण कांहीं असे असतील कीं ज्यांच्या गालांवर आपलीच नजर जड झाली आहे. त्यांचें ओझें उतरविण्यास शस्त्र लागत नाहीं. पुढच्या वेळीं आजाऱ्याला भेटावयास जाल तेव्हां गालांविषयीं कांहीं बोलूं नका, एवढेंच पुरे.