भोंग्यानंतरचे तास : गिरणगावातील कामगारांच्या आत्मविकासाचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास आजवर मुख्यतः भांडवल, संप आणि टाळेबंदी या अंगांनी लिहिला गेला आहे. गिरणीतल्या कामाने येणारा उबग, तेथील अपमान आणि उन्नतीच्या बंद वाटा सोसत असतानाच कामगारांनी स्वतःला कसे घडवले, हा प्रश्न मात्र त्यात बाजूला पडतो. या घडणीची बहुतेक साधने गिरणीच्या बाहेर, पाळी संपल्यानंतरच्या वेळात निर्माण झाली. म्हणून वेळेसाठी झालेला झगडा हाच या इतिहासाचा कणा मानावा लागतो.

कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथील त्या गिरणीत उत्पादन सुरू झाले. पुढे कोकणातून आणि घाटावरून जी माणसे गिरण्यांत आली, त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा बदल त्यांनी स्वतःच पत्करला होता. पेरणी-कापणीच्या हंगामावर चालणारे आयुष्य सोडून त्यांनी भोंग्यावर, म्हणजे पाळीची वेळ सांगणाऱ्या वाफेच्या शिट्टीवर, चालणारे आयुष्य स्वीकारले, आणि नांगर धरणाऱ्या हातांना साचा, म्हणजे यंत्रमाग, चालवायला शिकवले. अशा माणसांना बदलाची भीती वाटत होती असे म्हणणे अन्यायाचे ठरते. त्यांना जाचत होती ती कामाच्या ठिकाणची सत्ता. नोकरी देणे, पाळी लावणे, दंड करणे आणि कामावरून काढणे हे सारे जॉबरच्या, म्हणजे खात्यावरील मुकादमाच्या, हाती असे आणि त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. कायम नोकरी नसलेला बदली कामगार तर रोज सकाळी फाटकावर उभा राहून कोणाचा खाडा पडतो याची वाट पाही.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली, पण प्रौढांच्या कामाला कसलीच मर्यादा घातली नाही. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. या अवस्थेला प्रथम संघटित वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक विचारांचे, ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक आणि काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या. तेथे तयार झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास मदत अशा त्या मागण्या होत्या. लोखंडे यांनी उभारलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेला पक्की सभासद-यादी नव्हती, निधी नव्हता, आणि म्हणून काही अभ्यासक तिला खरी कामगार संघटना मानत नाहीत. तथापि या मागण्यांत वेतनवाढीपेक्षा वेळेला आणि माणसासारख्या वागणुकीला जे स्थान आहे, ते पाहता हा आक्षेप गौण वाटतो. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मिळालेला वेळ टिकवणेही सोपे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, तसे कामाचे तास सूर्यास्तानंतरही लांबू लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची आणि १९२२ च्या दुरुस्तीने अकरा तासांची, आठवड्याला साठ तासांची, मर्यादा आली. याच काळात गिरणगावात, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीत, रात्रशाळा, वाचनालये, आखाडे, भजनी मंडळे आणि नाट्यमंडळे वाढली, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. रात्रशाळेची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. फुले दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीचे वर्ग चालवले होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग आणि फिरती ग्रंथालये नेली. परळला उभ्या राहिलेल्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमीने मूळ धरले. दिवसभर साच्यांच्या गोंगाटात उभा असलेला माणूस रात्री पाटीवर अक्षरे गिरवत होता किंवा नाटकातले संवाद पाठ करत होता, यातली जिद्द कोणत्याही अहवालातील आकड्यांत उतरत नाही.

खुद्द गिरणीत मात्र वर चढण्याच्या वाटा अरुंद होत्या आणि काहींसाठी त्या पूर्ण बंद होत्या. धोट्यात, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनात, सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, एवढ्या कारणावरून स्पृश्य विणकर दलित कामगारांना अधिक मिळकतीच्या साचाखात्यात येऊ देत नसत, आणि त्यांना सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावर राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला. कामगारांच्या एकजुटीचा गौरव करताना तिच्यातली ही भेग झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

त्या संपाचे मूळ मात्र निराळ्या बदलात होते. मालकांनी तेव्हा ‘रॅशनलायझेशन’ची, म्हणजे तेवढ्याच कामासाठी कमी माणसे लावण्याची, पद्धत आणली; दोन साच्यांऐवजी तीन साचे एका कामगाराने सांभाळावेत, अशी अपेक्षा होती. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चाललेल्या या संपात गिरणी कामगार युनियन जन्मास आली आणि एकूण सतरा मागण्यांचा विचार संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे गेला. कामगार सुधारणेला विरोध करतात, हा तेव्हाचा आरोप पुढेही वारंवार होत राहिला. वाढीव साच्यांचा ताण कोणी सोसायचा, कामावरून कमी झालेल्यांनी कोठे जायचे आणि वाचलेल्या पैशाचा वाटा कोणाला, हे कामगारांचे प्रश्न होते. ते रास्त होते आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

दंडाच्या बाबतीत मात्र पुढे फरक पडला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, आणि १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने दंडाची व न वाटलेल्या वेतनाची रक्कम कल्याणनिधीत वळवली. त्या निधीतून कामगार कल्याण केंद्रे, वाचनालये आणि शिवणवर्ग चालले, नाट्यस्पर्धा भरल्या. एके काळी जॉबरच्या धाकाचे साधन असलेला दंड वाचनालयाच्या कामी आला, ही या इतिहासातील मोठी समाधानाची गोष्ट आहे. या वातावरणातून जी माणसे वर आली, त्यांपैकी दोघांचा उल्लेख अटळ आहे. वाटेगावाहून आलेले, शाळेचे शिक्षण जवळजवळ न झालेले अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकाचे शाहीर झाले आणि ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून गेले. गिरणी कामगाराने सांभाळलेले अनाथ मूल, शाळेतला शिपाई, मग शिक्षक आणि कवी असा नारायण सुर्वे यांचा प्रवास झाला. पण या दोन नावांच्या आड हजारो निनावी वाचक, नट, भजनी आणि कार्यकर्ते आहेत, ज्यांची वाढ कोणत्याही पुरस्काराने मोजली गेली नाही.

स्त्रियांची वाट याहून खडतर होती. १९३० च्या आसपास गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या मुख्यतः वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामात असत. नवी यंत्रे आली, स्त्रियांना मनाई असलेली रातपाळी वाढली, आणि त्यांची संख्या घटत गेली. गिरणगावाच्या चाळींतील कितीतरी बायका खानावळी चालवीत. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिनाभर उधारीवर जेवू घालीत आणि पगार होईपर्यंत स्वतः वाण्याच्या व सावकाराच्या कर्जात राहत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून दिले. सावकाराचा पाश सैल झाला आणि आपले रांधणे हा व्यवसाय आहे, याची नोंद प्रथमच बँकेच्या वहीत झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातील असंख्य कामगार पुन्हा गिरणीत परतले नाहीत, आणि खानावळीचे गिऱ्हाईकच हरवले. तेव्हा मंडळाने सामूहिक स्वयंपाकघरे आणि खाद्यपदार्थांची विक्री यांकडे मोर्चा वळवला, आणि गिरणीवर अवलंबून असलेल्या या स्त्रिया गिरण्या बंद पडत असताना कार्यालयांना आणि समारंभांना जेवण पुरवू लागल्या.