मोजणीने अडणारा कण

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात झीनो या ग्रीक तत्त्वज्ञाने एक कोडे घातले. उडता बाण कोणत्याही एका क्षणी एकाच जागी असतो. मग तो हलतो केव्हा? बाण तर डोळ्यांदेखत उडतो, म्हणून व्यवहारी माणसांनी कोडे बाजूस ठेवले. परंतु १९७७ साली बैद्यनाथ मिश्र व ई. सी. जी. सुदर्शन यांनी ते पुन्हा उभे केले. सुदर्शन हे केरळचे. अमेरिकेस जाण्यापूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले होते. या दोघांनी गणिताने दाखविले की, अस्थिर कणावर अखंड नजर ठेवली तर तो कधी फुटणारच नाही!

यात जादू नाही, हिशेब आहे. कण अवस्था बदलण्याची शक्यता आरंभी वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेळ निम्मी, तर शक्यता चौथाई. मध्येच एकदा मोजले की कण पहिल्या पायरीवर येतो व हिशेब नव्याने सुरू होतो. चौथाईचे दोन हप्ते मिळून निम्मेच भरतात. मोजण्या वाढवाव्या तसे बदलणे घटत जाते.

१९९० साली अमेरिकेत बोल्डर येथे इटानो, वाइनलँड व सहकाऱ्यांनी बेरिलियमचे सुमारे ५००० आयन कोंडून त्यांवर २५६ मिलिसेकंद रेडिओलहरी सोडल्या. मध्ये मोजणी नसता जवळजवळ सर्व आयन वरच्या पातळीस गेले. तेवढ्याच अवधीत लेसरचे ६४ झोत टाकले, तेव्हा अगदी थोडे गेले.

आक्षेप आला, की हे बाहेरून ढकललेले आयन. आपोआप निसटणाऱ्या कणांचे काय? २००१ साली टेक्सासमध्ये रेझेन यांच्या गटाने सोडियमच्या अणूंवर उत्तर दिले. मोजण्या फार जवळजवळ केल्या तर गळती मंदावली. अंतर थोडे वाढविले तर उलट वाढली.

कारखान्यात घड्याळ घेऊन कोणी पाठीशी उभा राहिला की कामगाराचा हात बदलतो, हे आम्ही जाणतो. परंतु कामगाराला भय असते. आयनाला ते नाही. त्याला अडविते ती प्रकाशाची प्रत्यक्ष टक्कर. म्हणजे मोजणी हेही एक कृत्यच आहे. म्हणून कोणताही आकडा पुढे आला, की तो किती वेळा व कशाने मोजला, हे आम्ही आधी विचारावे.