कपाटाचा रंग कोणी ठरवायचा?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा आमच्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी जरा घाबरलेच. लढाया आणि राजघराणी यांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. तो माझा प्रांत नव्हे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली आणि तिच्या निमित्ताने मला एक इतिहास कळला. तो स्वयंपाकघरातील कपाटांच्या रंगाचा आहे. विषय ऐकून भगिनी हसतील, पण शेवटपर्यंत वाचावे एवढीच विनंती.

माझे माहेर वाईचे. तेथील आमच्या जुन्या स्वयंपाकघरात रंगाचा प्रश्नच नव्हता. चुलीच्या धुराने आढे आणि भिंती काळ्याभोर झालेल्या असत. दिवाळीच्या आधी चुन्यात चिमूटभर नीळ घालून पांढरा हात फिरवला जाई आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा काळवंडे. भिंतीतल्या फडताळाच्या दारांना तेवढा हिरवा तैलरंग होता; तो कोणी आणि का निवडला हे आईलाही ठाऊक नव्हते. दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. त्या काळच्या गृहिणीची कपाटाकडून अपेक्षा एवढीच, की मुंगी, माशी आणि मांजर यांपासून अन्न सुरक्षित राहावे.

पुढे ओटे आले, बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या. १९५५ साली मुंबईत घरगुती वापरासाठी गॅसचे सिलिंडर मिळू लागले आणि हळूहळू ते गावोगावी पोहोचले. धूर गेला, तशी भिंत पांढरी राहू लागली आणि ओट्याच्या वरखाली कपाटे आली. मगच त्यांना कोणता रंग द्यावा हा प्रश्न उभा राहिला. धुराने काळवंडणाऱ्या घरात रंगाची निवड करणार तरी कोण!

आमच्या घरी गेल्या दिवाळीपूर्वी ही निवड झाली. रंगारी आला, त्याने जुना रंग घासला, लांबी भरली, अस्तर मारले आणि रंगांचे कार्ड आमच्या यजमानांपुढे धरून विचारले, "साहेब, कोणता?" यजमानांनी मुलाकडे पाहिले. मुलाने पांढरा सांगितला. भिंतीच्या फरशा पांढऱ्या, कपाटेही पांढरी. घर कसे उजळून निघेल! मीही मान हलवली. दोन हात रंग झाला आणि पाहुणे वाखाणून गेले.

पंधरा दिवसांनी आमच्या सासूबाईंच्या कपाळाला खोक पडली. वरच्या कपाटाचे दार उघडे राहिले होते, त्यावर त्या आपटल्या. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्या ८४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना काचबिंदू आहे. घरात सर्वांनी एकमताने ठरवले, की आता आईंनी स्वयंपाकघरात येऊ नये. मीच त्यांना म्हणाले, "आई, पुष्कळ केलेत. आता बसून खा." त्या काही बोलल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसल्या, आणि तेव्हापासून त्यांचे जेवण निम्म्यावर आले.

आमची धाकटी मुलगी वास्तुकलेचा अभ्यास करते. ती सुटीत घरी आली तेव्हा तिच्याजवळ एक पुस्तक होते. त्यातील एक निळसर हिरवे स्वयंपाकघर पाहून मी सहज विचारले, की हा रंग कशासाठी? ती म्हणाली, "माश्यांसाठी!" मग तिने सगळी हकिगत सांगितली आणि पुढे मी ती स्वतः वाचून काढली.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची फार टंचाई झाली. फ्रांकफुर्ट शहरात १९२५ पासून एर्न्स्ट माय या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली कामकरी आणि मध्यमवर्गीय लोकांसाठी नव्या वसाहती बांधल्या जाऊ लागल्या. त्या कामासाठी १९२६ साली व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण बाईंना बोलावण्यात आले. विवाहानंतर त्या श्युट्टे-लिहोत्स्की या नावाने ओळखल्या गेल्या. त्यांचा जन्म १८९७ चा. ऑस्ट्रियातील वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत.

अमेरिकेत ख्रिस्तीन फ्रेडरिक या बाईंनी १९१२ पासून एक नवा विचार मांडला होता. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात, तशाच स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याही मोजाव्यात आणि तिची वायफळ पायपीट वाचवावी, असा तो विचार. लिहोत्स्कीबाईंनी तो वाचला होता. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचे जेवण कसे तयार होते, हेही त्यांनी अभ्यासले. मग त्यांनी सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब असे स्वयंपाकघर आखले. खिडकीखाली काम करण्याचे टेबल, बसून भाजी चिरता यावी म्हणून फिरते स्टूल, टेबलालाच केरकचरा लोटण्याचा कप्पा, भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी, आणि तांदूळ, साखर वगैरेंसाठी अॅल्युमिनियमचे ओतण्याजोगे खण. पिठाचे खण ओक लाकडाचे, कारण त्याने पिठात किडे होत नाहीत असे मानत. टेबल बीच लाकडाचे, कारण त्यावर डाग आणि सुरीचे चरे कमी पडतात. आणि कपाटे निळी किंवा निळसर हिरवी, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असे त्या काळी समजले जाई. सगळ्याच वसाहतींत रंग एक नव्हता, पण हा निळा प्रसिद्ध झाला. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रांकफुर्टमध्ये बसवली गेली. आज त्यांतील काही मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

माश्या रंगाला भितात की नाही हा वाद बाजूला ठेवू. कचऱ्याचा कप्पा रोज रिकामा करणारी बाई माश्यांना अधिक दूर ठेवते, असे मला वाटते. पण त्या बाईंची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांच्या स्वयंपाकघरात 'शोभून दिसते' एवढ्यावर काहीच ठरलेले नव्हते. प्रत्येक लाकडाला आणि रंगाला कारण होते, आणि ते कारण आत काम करणाऱ्या बाईचे श्रम हेच होते.

तरीही गंमत पाहा. ज्या बायकांसाठी हे केले, त्यांतील कित्येकींनी कुरकुर केली. दोघींना एका वेळी उभे राहता येत नाही, मूल नजरेआड होते, आम्हाला स्वयंपाकघरातच जेवायची सवय, इथे जागा कुठे, अशा तक्रारी झाल्या. आणि लिहोत्स्कीबाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले, की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता! त्यांची योग्यता याने कमी होत नाही. नाझी राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ साली त्यांना व्हिएन्नात पकडले, १५ वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५ मध्ये त्या सुटल्या. १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, जानेवारी २००० मध्ये त्या वारल्या. इतके मोठे आयुष्य, पण लोक केवळ त्या स्वयंपाकघराबद्दलच विचारतात, याचा त्यांना पुढे कंटाळा आला होता.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि माझीच मला लाज वाटली. मोजणारी आणि शिकलेली बाईसुद्धा, प्रत्यक्ष ओट्याशी उभी राहणारीला पुरते न विचारल्यामुळे चुकू शकते. आम्ही तर काही मोजलेही नव्हते. मी सासूबाईंपाशी जाऊन बसले आणि विचारले, "आई, तुम्हाला त्या कपाटांचा काय त्रास होतो?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, दार उघडे आहे की मिटलेले, तेच कळत नाही. भिंत पांढरी, दार पांढरे, मूठही पांढरी. दुधात दूध सांडावे तसे झाले आहे. आधीच्या तपकिरी दारांची मला कड दिसायची."

एवढेच होते! काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि त्यात जवळजवळच्या छटांतला फरक ओळखणेही अवघड होते. चूक त्यांच्या वयाची नव्हती, आमच्या रंगाची होती. आम्ही मात्र रंग बदलायचा सोडून बाईलाच स्वयंपाकघरातून बाहेर काढले होते.

यजमान आधी खर्चावरून कुरकुरले. मग खोक आठवून गप्प बसले. तोच रंगारी पुन्हा आला. या वेळी कार्ड सासूबाईंच्या हाती दिले आणि खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी पांढऱ्या फरशीवर धरून पाहिली. त्यांनी गडद निळा निवडला. मुठी पिवळ्या, आणि दारांच्या कडांवर पिवळीच बारीक पट्टी, म्हणजे उघडे दार लांबून दिसावे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. पूर्वी पांढऱ्या तैलरंगात सफेता, म्हणजे शिसे, असे; पिवळ्या-लाल रंगांतही ते असे. ते लहान मुलांच्या पोटात जाणे फार वाईट. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित केले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. म्हणून डब्यावरील मजकूर वाचून घ्यावा, आणि जुन्या कपाटाचा रंग कोरडा न घासता ओला करून घासावा. मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

रंग वाळल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. वरचे दार उघडून हिंगाची डबी काढली, दार मिटले आणि आमसुलाचे सार केले. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

मंडळाच्या फराळघराची कपाटे यंदा रंगवायची आहेत, आणि कार्यकारिणीत क्रीम की पोपटी असा वाद चालू आहे. माझी सूचना एवढीच, की हा निर्णय बैठकीत न घेता पहाटे पाचला चकल्या तळायला येणाऱ्या आपल्या भगिनींना विचारून घ्यावा. त्यांतील दोघींना अलीकडे कमी दिसते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.