माळ्यावरचा नंदी

जुन्या खेळण्याचे मोल कशावर ठरवायचे, याचे उत्तर बाहुल्या जमवणाऱ्यांनी केव्हाच पक्के केले आहे. एकोणिसाव्या शतकातली, फ्रान्समधल्या ज्यूमो घराण्याच्या कारखान्यातली चिनीमातीची बाहुली विक्रीला आली, की डोक्यामागचा शिक्का पाहतात, केस नि कपडे मूळचेच आहेत का ते तपासतात. चेहरा नव्याने रंगवलेला निघाला किंवा बारीकशी चीर दिसली, की भाव उतरतो. म्हणजे जिच्याशी कोणी फारसे खेळलेच नाही, ती बाहुली सर्वांत मौल्यवान. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी नंदीला ही कसोटी लावली, तर त्याच्यातले सगळे महत्त्वाचे हातातून निसटते.

पोळ्याला शेतकऱ्याचे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढत तोरणाखाली जमतात आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) सुरू केली, असे नागपूरची परंपरा मानते. नागपूरच्या महाल भागातल्या भोसलेवाड्यातला भव्य लाकडी बैल याच परंपरेतला. आणि वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) येथे तर मोठमोठ्या नंदींचा तान्हा पोळा भरतो. पण माझ्या मते खरा पुरावा घराघरांतल्या माळ्यावर आहे. तिथला सागवानी नंदी वर्षातून एकदा खाली उतरतो. शिंगांना नवा रंग लागतो, झूल बदलते, निखळलेले चाक सुतार बसवून देतो, आधी पूजा होते आणि मगच मुलाच्या हाती दोरी येते. संग्राहक ज्याला खराबी म्हणेल, त्या दुरुस्तीतूनच घराची माया त्या लाकडात साठत जाते. रंगाचा प्रत्येक थर म्हणजे त्या घरात कोणीतरी लहान होते, याची खूण.

यावर पहिला आक्षेप असा, की दरवर्षी रंगवल्याने मूळ कोरीवकाम बुजते, कारागिराचा हात ओळखू येत नाही, इतिहास पुसला जातो. आक्षेप खरा आहे. १८६३ पासून उभ्या असलेल्या नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयाचे मोल मी कमी लेखत नाही, आणि संग्राहक कोरडा असतो असेही नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये जमवली आणि त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. वियोगातून एवढे मोठे संग्रहालय उभे राहू शकते. मात्र तिथल्या अडकित्त्याने आता कोणी सुपारी कातरत नाही. काही जुने नंदी न रंगवता, कोणत्या गावचे नि कोणत्या घरचे याच्या नोंदीसह जपायलाच हवेत. पण सगळेच काचेआड गेले, तर मागे उरेल ती फक्त सुतारकामाची माहिती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो नागपूरच्याच रस्त्यावर उभा आहे. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इतवारी परिसरातून मारबतींची, म्हणजे वाईटाचे प्रतीक म्हणून बांधलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दरवर्षी त्या नव्याने घडतात आणि मिरवून झाल्या की जाळल्या जातात. वस्तू मुळीच न राखता परंपरा जर सव्वाशेहून अधिक वर्षे टिकते, तर नंदी तरी कशाला जपायचा? दरवर्षी नवा घ्यावा! फरक आठवण कोणाकडे आहे यात आहे. मारबत वस्तीची असते. ती बांधणारे हात अनेक असतात, एक थकला की दुसरा पुढे येतो, म्हणून मूर्ती गेली तरी ती घडवण्याची रीत जात नाही. घर त्यामानाने फार लहान. तिथे दोन पिढ्यांत नावेसुद्धा विसरली जातात. पणजोबांचा चेहरा नातवंडांच्या मुलांना ठाऊक नसतो. अशा घराला आठवण ठेवायला हाताला लागेल अशी वस्तू लागते. म्हणूनच नव्या बाळासाठी बाजारातून नवा नंदी आणला, तरी जुना बाहेर टाकला जात नाही. पूजेच्या पाटावर दोघेही शेजारी बसतात आणि त्या वर्षी दोघांनाही रंग लागतो.