सहलीला जायचं कुठं?
(आपल्या सोसायटीच्या सहली आणि आपल्या परिसराचा इतिहास)

गेल्या पंचवीस वर्षांत आपली सोसायटी जागची हलली नाही, पण तिचा पत्ता मात्र बदलला. जुन्या शेअर सर्टिफिकेटवर 'तालुका पालघर, जिल्हा ठाणे' असं छापलंय. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा राज्याचा 36 वा जिल्हा झाला आणि आपण बसल्या जागी नव्या जिल्ह्याचे रहिवासी झालो. त्याच्या आदल्या वर्षी, 16 एप्रिल 2013 ला, चर्चगेटहून निघालेली लोकल थेट डहाणू रोडपर्यंत धावू लागली. त्यापूर्वी शटल आणि मेमूच्या वेळा पाठ असणारी मंडळी आपल्याकडे अजूनही आहेत!

आपल्यातले बहुतेक जण इथे पोटापाण्यासाठी आले. कोणी सांगली-कोल्हापूरचे, कोणी खानदेशातले, कोणी तळकोकणातले. कोणी एमआयडीसीत लागलं, कोणी अणुशक्ती केंद्रात, तर कोणी रोज मुंबईला अप-डाऊन करू लागलं. मे महिना आला, गणपती आले की बॅगा भरायच्या आणि 'गावी' पळायचं. बोईसर म्हणजे पगाराचं गाव, एवढंच नातं. त्यामुळे सोसायटीची पहिली सहल ठरवायला आपण गच्चीवर बसलो, तेव्हा लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर अशीच नावं पुढे आली. बसचं भाडं ऐकून सगळे गप्प झाले आणि शेवटी नाइलाज म्हणून ठरलं, की केळव्याला जाऊ.

तो नाइलाज फार उपयोगी पडला. केळवे रोडला उतरून रिक्षांत कोंबून बसलो आणि शितलादेवीचं दर्शन घेतलं. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असं गावात सांगतात. मग सुरूच्या बनात चटया अंथरल्या आणि डबे उघडले. मुलं खेळताखेळता वाळूत अर्ध्या बुडालेल्या एका भिंतीपाशी गेली. ती भिंत म्हणजे केळव्याचा छोटा भुईकोट. पुढे दुर्गप्रेमी तरुणांनी वाळू उपसून तो पुष्कळसा मोकळा केला. त्या दिवशी एका मुलाने विचारलं, "हा किल्ला कोणाचा?" आम्हा मोठ्यांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर लाजच वाटली. त्यानंतर प्रत्येक सहलीआधी कोणीतरी थोडं वाचून यायचं असा पायंडा पडला. त्यातून जे जमलं, ते इथे मांडतो.

आपला किनारा जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसई हे त्यांचं मोठं ठाणं. तिथून उत्तरेला अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची रांगच होती. आतल्या बाजूला डोंगरावर तांदुळवाडी, काळदुर्ग आणि अशेरी. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढलात, तर ही मांडणी आपोआप समजते. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असली, की वरून थेट समुद्राची रेघ दिसते. पायथ्याशी वाघोबाचं ठाणं आहे. आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या तिथे वाघाला पुजत आले आहेत, तेव्हा त्याला नमस्कार करूनच चढायचं.

1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईची मोहीम सुरू केली. वसई पडली मे 1739 मध्ये, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी जानेवारी 1739 मध्ये आपल्याच आजूबाजूचे किल्ले एकामागून एक घेतले गेले, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यातली सगळ्यात कडवी लढाई झाली आपल्या तारापूरला. सुरुंग लावून तट फोडावा लागला. तिथेच बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार गोळी लागून पडले. बाजीराव पेशव्यांना ते सख्ख्या भावासारखे होते. त्यांच्या आईला बाजीरावांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. आता मलाच आपला बाजी समजा, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या तारापूरला आपण मासळी आणायला स्कूटरवरून जातो, त्या तारापूरची ही हकिगत आहे. किल्ल्याच्या आत आता खाजगी वाडी आहे, त्यामुळे परवानगी घेऊन जावं लागतं. पहिल्या वेळी आम्ही न विचारता गेलो आणि बाहेरूनच तट बघून परतलो!

त्या मानाने शिरगावचा किल्ला लहान मुलांसाठी उत्तम. तट आणि बुरूज अजून बरे आहेत, चढण नाही आणि अनेक फांद्या फुटलेलं ताडाचं झाड बघायला मिळतं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी महामार्गाजवळच्या खोडकोना गावातून अशेरी चढावा. कातळातली अरुंद वाट, वर पाण्याची टाकी आणि दगडात कोरलेलं पोर्तुगीजांचं राजचिन्ह. ते बघून आमच्या मुलांना पुस्तकातला इतिहास पहिल्यांदा खरा वाटला.

केळव्याचा पाणकोट बघायचा तर ओहोटी साधावी लागते. तिथल्या एका कोळीदादांनी आम्हाला हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पंचांग फक्त उपासापुरतं नसतं, हे त्या दिवशी कळलं. तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारायचंच, ही आपली पहिली अट आहे आणि ती कायम राहील.

सगळा इतिहास किल्ल्यांतच नाही. 14 ऑगस्ट 1942 ला पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. हुतात्मा चौकातून आपण रोज रिक्षा बदलतो. एकदा मुलांना घेऊन तिथे दोन मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे? डहाणूजवळच्या विवळवेढ्याची महालक्ष्मी चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला अशी फुलते, की तिच्यापुढे मॉल फिका पडावा. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिन्यातल्या भिंतीवर जी चित्रं मुलांनी काढली आहेत, त्यांचं मूळ असं शेजारच्याच तालुक्यात आहे.

एक गोष्ट मात्र थोडी जड मनाने लिहितो. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, ते देशातलं पहिलं. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. पण 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आपण इथे घर मिळवलं, त्याच सुमारास शेजारच्यांचं घर आणि किनारा गेला. आता 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. कोणी रोजगाराची वाट बघतंय, कोणी मच्छीमार विरोधात उभे आहेत. चूक-बरोबर ठरवायची ही जागा नव्हे. पण पुढच्या पंचवीस वर्षांत हा किनारा आजच्यासारखा राहणार नाही, एवढं नक्की. मुलांना तो आत्ताच दाखवायला हवा.

कारण आपल्या मुलांना 'तुझं गाव कोणतं?' असं विचारलं, की ती सरळ 'बोईसर' म्हणतात. आपण मात्र अजून दुसऱ्याच गावाचं नाव सांगतो. मग ज्या गावाचं ती नाव सांगतात, त्याची माहिती त्यांना देणार कोण?

म्हणून कमिटीला एक सूचना. या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या एका रविवारी जवळचं एक ठिकाण करू या. दूर कुठे नको, संध्याकाळच्या दिव्याला घरी परत येता आलं पाहिजे. प्रत्येक वेळी एका विंगने त्या जागेची माहिती सांगायची. डबा ज्याचा त्याने आणायचा आणि कचरा पिशवीत भरून परत आणायचा. ताडगोळे, चिकू, सुकी मासळी घ्यायची ती तिथल्या बायकांकडून, आणि उगाच घासाघीस करायची नाही. थंडीत एकदा तरी गावातल्या कोणाकडून उकडहंडी शिकून घेऊ.

पहिला मान तारापूरला देऊ. या वेळी परवानगी आधी काढू!