लग्नाचा बस्ता : पनवेल-खारघर परिसरातील एका चालीचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक पडला साधा प्राथमिक शिक्षक. किल्ले, लढाया व सनावळ्या ह्यांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. आपल्यासारख्यांच्या घरातील इतिहास मात्र बहुधा माळ्यावरच्या पेटीत असतो, व तो कोणी लिहीत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा सातबाराच्या उताऱ्यांखाली एक पिवळी पडलेली पावती मिळाली. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याची ती पावती होती. त्या कागदाच्या आधारे हे चार शब्द ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहे.

‘बस्ता’ हा शब्द मूळचा फारशी. त्याचा अर्थ बांधलेले. दप्तराचा बस्ता म्हणतात तो ह्याच अर्थाने. लग्नाचे सर्व कापड एकाच दुकानी, एकाच बैठकीत घ्यावयाचे आणि एका गाठोड्यात बांधून घरी आणावयाचे, म्हणून तो बस्ता. सामान्य रीत अशी की वराकडच्यांनी वधूची लुगडी घ्यावी, वधूकडच्यांनी वराचा पोशाख घ्यावा, आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या मानकऱ्यांची वस्त्रे घ्यावी.

आपल्या भागाचा बस्ता पनवेलास बांधला जाई, ह्याला कारण आहे. पनवेल हे जुने बंदर. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याकडे जाणारा माल खाडीने पनवेलास उतरे व पुढे गाड्यांनी घाट चढे. १८५२ साली येथे नगरपालिका आली. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढील काही दशकांत गिरणीच्या कापडाने कोकणातील बाजार भरून गेले. मिठागरात व भातखाचरात राबणाऱ्या आपल्या आजीपणजींचे गुडघ्यापर्यंत नेसलेले नऊवारी सुती लुगडे ह्याच बाजारातून येई. पैठणी आणि शालू ही नावे लग्नात ऐकू येत. घरात ती वस्त्रे क्वचितच असत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण बसविले. त्या काळी लग्न ठरले की मुहूर्ताआधी कापडाची चिंता पडे, असे वडीलधारी माणसे सांगत. उसन्या लुगड्यावर बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवऱ्यांच्या हकिगती मी लहानपणी ऐकलेल्या आहेत.

आता त्या पावतीकडे वळू. फेब्रुवारी १९६९. भात मळून झाला होता. मी इयत्ता तिसरीत होतो. दोन बैलगाड्यांतून आमच्या घरची व व्याह्यांकडची मिळून अकरा माणसे खारघरहून पनवेलास निघाली. मला वाचता येत होते, म्हणून पावती वाचण्यासाठी मला बरोबर घेतले. ज्या बहिणीचे लग्न होते तिला घरी ठेवले. नवरीने दुकानाची पायरी चढणे तेव्हा शोभणारे मानले जात नसे, आणि तसे कोणाच्या मनातही आले नाही.

दुकानात पांढऱ्या चादरीची बैठक होती. चहा आला, पाने आली. दुकानदाराला आमच्या घराचे भात किती खंडी होते हे आमच्याइतकेच ठाऊक होते, आणि त्या मानाने तो ठाण उलगडीत होता. दुपार कलली तेव्हा पावती झाली. एकूण नग ३४, एकूण रुपये ४१८. त्यांपैकी माझ्या बहिणीसाठी घेतलेले नग तीन, त्यांची किंमत रुपये ९२. उरलेले ३१ नग व ३२६ रुपये नवरदेवाचा पोशाख, मामा, आत्या, काका, व्याही, विहीण, धवलारीण, गावकीचे मानकरी ह्यांच्या लुगड्या-टोप्यांचे. पावतीच्या तळाशी ‘बाकी’ असा शब्द असून त्याखाली वडिलांचा अंगठा आहे.

ती बाकी फिटण्यास दोन सुगी लागल्या. भात खळ्यावरून घरी येण्याआधीच त्याचा वाटा दुकानाच्या नावे निघे. त्या दोन वर्षांत आईने नवे लुगडे घेतले नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की ‘लग्नात उधळतात’ असा शेरा शिकलेली माणसे सहज मारतात. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच असे नमूद केले की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. बी-बियाणे, सारा व पोटाची खळगी ह्यांसाठी काढलेली लहान लहान कर्जे व्याजाने फुगत, हे खरे दुखणे होते. तेव्हा आपल्या पूर्वजांना उधळे म्हणणे मला मान्य नाही. वर्षभर अर्ध्या अंगाने वावरणाऱ्या माणसाला एक दिवस चार माणसांत मान हवा होता, इतकेच. तथापि महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटजीवाचून व अत्यल्प खर्चात लग्न लावून दाखविले होते, हेही विसरता येत नाही. वाट दाखविलेली होती. आपण तिच्यावरून चाललो नाही.

बहिणीच्या लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले, तोच १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, व त्यांत आपले खारघरही होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई जवळ आली. पुढे जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये त्या लढ्यात पाच हुतात्मे पडले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याचा बस्त्याशी असलेला संबंध मात्र कोणी बोलून दाखवीत नाही.

संबंध असा. भाताच्या खळ्यावर उधारी देणाऱ्या दुकानदाराला आमच्या घराची मर्यादा ठाऊक होती. जमीन गेली, रोख रक्कम हाती आली, आणि ती मर्यादा सुटली. दर वर्षी भात देणारी जमीन एकदाच पैसे देऊन गेली, हे समजण्यास आम्हांला वेळ लागला. १९८५ साली माझे स्वतःचे लग्न झाले. त्या वेळी बस्ता बांधण्यास आम्ही दादरला गेलो आणि ३४ नगांचे ७१ नग झाले. मी तेव्हा नोकरीत होतो, मुलांना गणित शिकवीत होतो. तरीही ‘पुरे’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणावर घालीत नाही.

आज १९९८ पासूनची लोकल गाडी, २०१६ मध्ये झालेली पनवेल महानगरपालिका, २०२३ मध्ये सुरू झालेली मेट्रो, असे सारे आपल्या दारी आहे. जेथे खाजण होते तेथे काचेची दुकाने आहेत. नऊवारी लुगड्याच्या जागी सहावारी आली, तिच्या शेजारी आता घागरा आला. बैठकीच्या जागी खुर्च्या आल्या. मात्र मानपानाचे गठ्ठे तसेच आहेत. एका लग्नातील आहेराची साडी घडी न मोडता दुसऱ्या लग्नात जाते, तेथून तिसऱ्या, आणि कधी कधी फिरून मूळ घरी परत येते. कोणी नेसत नाही, पण पैसे मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी भरतो.

तरीही जुने ते सर्व सोने, असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या नातीचा बस्ता खारघरातच झाला. नात स्वतः दुकानात बसली, रंग तिने निवडला, किंमत तिने विचारली आणि दोन साड्या तिने परत ठेवावयास लावल्या. बहीण आता सत्तरीच्या पुढे आहे. ती शेजारी खुर्चीवर बसून पदरावरून हात फिरवीत होती. मी तिला सहज विचारले, “तुझ्या लग्नाचे लुगडे कसे होते, आठवते का?” ती म्हणाली, “मांडवात अंगावर घातले तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. मला हिरवे हवे होते. पण विचारतो कोण?”

छपन्न वर्षे हे वाक्य तिने मनात ठेवले होते. त्या पावतीवरील प्रत्येक नग मी वाचला होता, तिची आवड मात्र कोणत्याच रकान्यात नव्हती.

ह्या अनुभवावरून ज्ञातिबांधवांना तीन गोष्टी नम्रपणे सुचवितो. पहिली, बस्त्यात वधूवरांची वस्त्रे त्यांच्या पसंतीने व आधी घ्यावी. दुसरी, मानपानाची लुगडी-टोप्या दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवून बंद कराव्या. मान हळदकुंकू व नारळाने राखावा. तिसरी, महाग वस्त्र घेणेच असेल तर पारखून घ्यावे. येवल्याच्या व पैठणच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातमागाच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागील बाजूसही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात. एवढे पाहिले तरी फसवणूक टळेल व विणकराच्या घरी दोन पैसे जातील.

वडिलांची ती पावती मी आता जपून ठेवली आहे. नातीच्या बस्त्याची पावतीही बहिणीकडून मागून घेतली. तिच्यात नग अकरा आहेत, आणि ‘बाकी’ हा शब्द नाही. दोन्ही कागद एकाच पेटीत आहेत. पुढच्या पिढीतील कोणी ते उघडून वाचील, अशी आशा आहे.